हॉवीस म्हातारीचा ताजा पाठलाग

पळून जाणाऱ्यांसाठी इंग्लंडातल्या आमच्या नॉरफोकच्या कायद्यात शब्दांची कमी नाही. बोलावणी धाडूनही जो पुरुष हजर होत नाही, तो ‘लांडग्याचं मुंडकं’. दिसेल तिथे कोणीही मारावा. बाई पळाली तर तिला तेवढाही मान नाही, ती नुसती ‘टाकलेली’. आणि पळता पळता चोराने जे फेकलं ते ‘टाकलेलं’. ते जहागीरदाराच्या घरात जातं. सूट एकच. मालक लगोलग चोराच्या मागे निघाला असेल आणि वाटेत कुठे थांबला नसेल, तर वस्तू त्याची त्याला परत. याला ताजा पाठलाग म्हणतात.

हॉवीस म्हातारीला हे तोंडपाठ होतं. गावासाठी जवाची दारू करायची ती, आणि त्या दारूचा पितळी हंडा हाच तिचा संसार. गुडघे असे धरलेले, की रविवारी ती चर्चला पोचायची तेव्हा पाद्रीबाबा कुलूप लावत असायचे.

गढीवर न्यायनिवाड्याचा दिवस होता. आम्ही पुरुष सगळे तिकडे जमलो होतो. ती संधी साधून विमर नावाच्या भुरट्याने तिच्या अंगणातला हंडा उचलला. म्हातारी कण्हत उठली आणि ‘धरा, धरा’ ओरडत त्याच्या मागे निघाली. अशी ओरड कानावर आली की आमच्याकडे हातातलं टाकून धावावंच लागतं. आम्ही धावलो. विमर नदी ओलांडून दुसऱ्या जहागिरीच्या हद्दीत निसटला, पण जड हंडा त्याने गिरणीजवळच्या लव्हाळ्यात फेकला. तो हंडा जहागीरदाराचा कारभारी ऑस्बर्ट याच्या माणसाने गढीवर आणला. आम्ही परत येऊन भाकरी आणि चीज घेऊन बसलो.

ऑस्बर्टने हंड्यावर बोटाने टिचकी मारली. “नाद चांगला आहे. टाकलेला माल. धन्याच्या स्वयंपाकघरात ठेवा.”

तेवढ्यात बाहेरून घोगरा आवाज आला, “धरा... धरा...”

हंड्याचा माग काढत दारातून हॉवीस आत आली. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत. मी उठून तिला स्टूल दिलं.

“बसा आजी.”

“तू बस मेल्या. मला बसवून हंडा घालवतोस होय?” ती आमच्यामधून येरझारा घालू लागली. “कारभारी, माझा पाठलाग चालू आहे. हंडा द्या.”

ऑस्बर्ट हसला. “म्हातारे, याला पाठलाग म्हणतात? गोगलगाय पुढे गेली असती.”

“गोगलगाय थांबत नाही. मीही थांबले नाही. कायद्यात ‘थांबू नये’ म्हटलंय, ‘धावावं’ कुठे म्हटलंय? आणि धावणारे हे बघा, चीज चावतायत.”

आम्ही चीज खाली ठेवलं.

ऑस्बर्ट काही कच्चा नव्हता. “गिरणीच्या विहिरीवर तू पाणी प्यायलीस. माझ्या माणसाने पाहिलं. पाणी प्यायला थांबलीस, तिथेच पाठलाग शिळा झाला.”

म्हातारीचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. पण पाय चालूच होते. “गिरणीवालीला बोलवा.”

गिरणीवाली सबीना पिठाच्या हातांनीच आली. बारा पंचांसमोर तिने शपथ घेतली. पंचांत मीही होतो.

“हॉवीसमावशी विहिरीवर थांबल्या का?” आमच्यातल्या थोरल्याने विचारलं.

“थांबतायत कसल्या. मी पाणी काढलं तोवर त्या विहिरीला फेऱ्या घालत होत्या. मग मी मडकं घेऊन त्यांच्या मागे मागे. अर्धं पाणी त्यांच्या पोटात, अर्धं माझ्या पायावर. माझा नवरा म्हणाला, विहिरीला बैल जुंपला की काय.”

सगळी गढी हसली. पंचांना हसता येत नसतं, म्हणून आम्ही खोकलो.

ऑस्बर्टने शेवटचा तीर मारला. “समजा विमर तुला सापडला असता, तर काय केलं असतंस?”

“बस म्हटलं असतं. दमला असणार तोही.”

आम्ही कोपऱ्यात जाऊन कुजबुजलो. कुजबुजायला फारसं नव्हतंच. बाहेर आल्यावर थोरला म्हणाला, “पाठलाग ताजा आहे. हंडा हॉवीसचा.”

ऑस्बर्टने खांदे उडवले आणि आपल्या माणसाला खूण केली. हंडा तिच्या पायाशी आला. तिने वाकून आत पाहिलं, काठावरची माती झग्याच्या टोकाने पुसली, मग माझ्याकडे वळली.

“अरे, ते स्टूल कुठे गेलं?”

मी स्टूल पुढे केलं. सकाळपासून पहिल्यांदा ती बसली आणि डोळे मिटून ‘आई गं’ म्हणाली.

“आता हा हंडा घरी कोण नेणार, आजी?” मी विचारलं.

“ज्यांनी चीज खाल्लं त्यांनी,” डोळे न उघडताच ती म्हणाली. “आणि मलाही न्या. माझा पाठलाग संपला.”