एका बोटाची फट

एनॉस पीटरशाइम मरायच्या आधीच्या रविवारी आपल्या मुलाच्या हातून पाणी प्यायला.

असं काही घडलेलं नाही. त्या रविवारी एनॉस अंथरुणात पडून होता, मुलगा खुर्चीत बसून होता, पाण्याचा पेला तिपाईवर होता आणि तिघेही आपापल्या जागी राहिले. एनॉसच्या बायकोला, लवायनाला, विचारून बघा. ती हेच सांगेल. फार खोदून विचारलंत तर बटाट्यांचं बोलायला लागेल.

तेव्हा जे घडलं नाही ते बाजूला ठेवू आणि टेबलापासून सुरुवात करू.

एलम हे त्यांचं शेंडेफळ. एकोणिसाव्या वर्षी त्याने आमच्या पंथाच्या मंडळीसमोर गुडघे टेकून बाप्तिस्मा घेतला, जन्मभर नियमात राहीन असं वचन दिलं, आणि पुढे चार पावसाळे नाही उलटले तोच वीज कंपनीत चिकटला. आमच्यातली पोरं बिघडली की फार तर चोरून रेडिओ ऐकतात, किंवा मोटार घेऊन शेजारच्या इंग्रजाच्या गोठ्यामागे लपवतात. (बाहेरच्या जगातल्या प्रत्येकाला आम्ही इंग्रजच म्हणतो, मग तो बिचारा इटलीचा का असेना.) एलम थेट खांबावर चढला. तेही बापाच्या मक्याच्या शेताला लागून असलेल्या खांबावर, भर दिवसा, डोक्यावर पिवळी टोपी घालून. जी वीज घरात येऊ नये म्हणून आजे-पणजे भांडले, ती हा पोरगा घराच्या नाकासमोरून ओढून नेत होता.

मंडळीने त्याला वाळीत टाकलं. असा निर्णय एकमताने व्हावा लागतो. एकाचा नकार आला तरी गाडं अडतं. बापाला विचारलं, बाप ‘हो’ म्हणाला. आईला विचारलं, आईही ‘हो’ म्हणाली. लवायनाला पुढे कायम वाटत राहिलं की नेमकी त्याच वेळी आपल्याला शिंक आली असती, तर शिंकेचा कौल नकार म्हणून धरला असता का? विचारायची सोय नव्हती. शिंक आलीच नव्हती.

वाळीत टाकलेल्याशी बोलता येतं, त्याला जेवू घालता येतं, त्याच्या अडीअडचणीला धावून जाता येतं. दोनच गोष्टी चालत नाहीत. त्याच्यासोबत एका टेबलावर जेवायचं नाही, आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्याने वाडगं खाली ठेवावं, हात काढून घ्यावा, मग आपण उचलावं.

एनॉस सुतार होता. त्याच आठवड्यात त्याने अक्रोडाच्या लाकडाचं एक छोटं टेबल केलं, जेवणाच्या मोठ्या टेबलाच्या अगदी उंचीचं. दोन्ही शेजारी शेजारी मांडली आणि मधे एका बोटाची फट राहावी म्हणून एक ठोकळा तासून बसवला. ठोकळ्याला पॉलिशसुद्धा केलं. कुणाच्या नजरेला पडणार नव्हता, तरी केलं.

लवायनाने दोन्ही टेबलांवर मिळून एकच पांढरं कापड अंथरलं.

“हे काय?” एनॉस म्हणाला.

“कापड.”

“एकच?”

“दोन केली तर शिवणीत वाया जातं. उधळपट्टी पाप आहे.”

एनॉसने फटीवरची सुरकुती हाताने सारखी केली. तो जेवायला बसला.

एलम रविवारी यायचा. गाडी इंग्रज शेजाऱ्याच्या दारात लावायचा आणि उरलेली वाट चालत यायचा, म्हणजे बापाला गाडी दिसत नसे आणि बापाला गाडी आहे हे माहीत नसल्याचं सोंग करता येत असे. एकदा वाढताना वाटाण्यांचं वाडगं कलंडलं आणि एक वाटाणा घरंगळत, फटीवरून उडी मारून, एलमच्या ताटाशी जाऊन थांबला.

“आता काय हो, डॅट?” एलम बापाला म्हणाला. “ह्याला परत पाठवू की ह्यालाही वाळीत टाकताय?”

एनॉसने दाढी कुरवाळली.

“वाटाण्याने बाप्तिस्मा घेतलेला नाही,” तो म्हणाला. “त्याला कुठेही जाता येतं.”

लवायना इतकी हसली की तिला उठून चुलीकडे जावं लागलं. चुलीपाशी ती तोंडाला पदरासारखा एप्रन लावून उभी होती. पाठमोऱ्या माणसाचं हसणं आणि दुसरं काही, दोन्ही सारखंच दिसतं.

मक्याच्या सुगीत एनॉसला झटका आला. दोन्ही हात गेले, जीभ अर्धी गेली. उरलेल्या अर्ध्या जिभेने तो जे बोले ते फक्त लवायनाला कळे. मुली लग्न होऊन ओहायोला. एलमने रजा काढली आणि बापाला उठवायला-बसवायला येऊ लागला. आता हे उचलून घेणं म्हणजे मुलाच्या हातून काही घेणं झालं का, असा प्रश्न पडला आणि बिशप गिडियनला बोलावणं गेलं.

गिडियन वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सगळ्यांचीच सोय झाली असती. तो खाटेशी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाला, “धान्याचं पोतं कुणीही उचलतं. पोतं काही घेत नाही. पोतं नुसतं असतं. उचलायला हरकत नाही.”

एनॉस काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, पोतं तर पोतं,” लवायना म्हणाली. “पण शिवण सांभाळून धरा.”

अन्नपाण्याला मात्र सूट नव्हती. एलम पेला तिपाईवर ठेवायचा, हात काढून घ्यायचा, मग लवायना तो उचलून एनॉसच्या ओठांना लावायची. एका घोटासाठी तीन माणसं आणि एक तिपाई. लवायना रोज मनात म्हणायची, देवा, मरायच्या आधी ह्याने एकदा, एकदाच त्याच्या हातचं घेऊ दे. आणि रोज स्वतःच पेला उचलायची.

त्या रविवारी प्रार्थना शेजारच्या कर्ट्झांकडे होती. दुसरं प्रवचन सुरू झालं आणि लवायना कोंबड्यांची काहीतरी सबब सांगून उठली. मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. आतलं दार किलकिलं होतं.

एलमने पेला तिपाईवर ठेवला होता. “मॅम येईलच इतक्यात,” तो आईबद्दल बापाला सांगत होता. “मी माझं काम केलंय, डॅट. आता उचलायचं तेवढं तुमच्याकडे लागलं.”

एनॉसचे ओठ सालपटासारखे सुकले होते. त्याने पेल्याकडे पाहिलं. मग मुलाकडे.

“दे,” तो म्हणाला.

एलमला कळलं नाही. दाराआड उभ्या बाईला कळलं. दोन पावलं टाकली असती तर तिने नेहमीसारखा पेला उचलला असता आणि नियम शाबूत राहिला असता. तिने दाराची चौकट धरून ठेवली.

“काय, डॅट?”

एनॉसने नुसतं तोंड उघडलं आणि घरट्यातल्या पिलासारखं उघडंच ठेवलं.

विजेच्या खांबावर चढणाऱ्या हाताने पेला उचलला आणि बापाच्या ओठांना लावला. निम्मं पाणी दाढीत गेलं. निम्मं आत गेलं.

लवायना पाऊल न वाजवता अंगणात गेली, आणि बूट आपटत, खोकत, बादलीला लाथ मारत पुन्हा आत आली. पेला तिपाईवर होता. रिकामा.

“पाणी कुठे गेलं?”

“उन्हाने आटलं,” एलम म्हणाला.

बाहेर नोव्हेंबरचा गारठा होता.

दुसऱ्या दिवशी गिडियन सहज डोकावला. त्याला बघताच एनॉसची धडपड सुरू झाली. मान उचलली, शीर फुगली, आणि शब्द यायला लागले. गिडियनला ती गुरगुर वाटली. लवायनाला प्रत्येक शब्द लख्ख ऐकू आला.

“मी एलमच्या हातून पाणी प्यालो, आणि...”

“काय म्हणतोय?” गिडियनने विचारलं.

“बटाटे!” लवायना ओरडली. “बियाण्याचे बटाटे ओलीत ठेवू नका म्हणतोय! पोत्यात भरा, पण तोंड बांधू नका, वारा लागू दे, आणि उंदरांचं बघा, असं म्हणतोय!”

एनॉस बोलतच होता. पण ‘आणि’च्या पुढचं सगळं उंदरांखाली गेलं.

तो थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं, रागाने म्हणावं तर रागाने नाही, आणि डोळे मिटून घेतले.

“काय साधा माणूस,” गिडियन डोळे पुसत म्हणाला. “मरणाच्या दारात उभा आहे आणि घोर कसला, तर पुढच्या पेरणीचा.”

गिडियन गेल्यावर ती खाटेशी वाकली. “आणि काय रे? एनॉस, आणि काय?” नंतरही विचारत राहिली, घास भरवताना, कूस बदलताना. ‘आणि मला क्षमा करा’ होतं, की ‘आणि गोड लागलं’? एनॉसने पुन्हा तोंड उघडलं ते फक्त खाण्यासाठी. गुरुवारी तेही बंद झालं.

मयताच्या प्रवचनात बिशपने बटाट्यांवर इतकं बोलून घेतलं की लोक रडले. एलम सर्वांत मागे उभा होता. मयताच्या जेवणाला तो अक्रोडाच्या टेबलावर बसला.

आता रविवारी दोघंच असतात. मोठ्या टेबलावर एकटी लवायना, छोट्यावर एकटा एलम.

“मॅम, वाटाणे सरकव.”

ती वाडगं ठेवते. तो उचलतो. एकदा तो गेल्यावर तिने मधला ठोकळा उपटून काढला. फट तशीच राहिली. टेबलांच्या पायांनी जमिनीत खळगे पाडले होते.

हिवाळ्यात तिने गिडियनला विचारलं, “वाळीत टाकलेली दोन माणसं एका टेबलावर जेवू शकतात?”

“त्याला आडवा येणारा नियम नाही. का ग?”

“सहज.”

वसंतातल्या सभेत मंडळीचा कारभार बघणारा डीकन बायकांच्या बाकांवरून फिरत फिरत आला. मंडळीशी शांती आहे का, काही म्हणणं आहे का, असं प्रत्येकीला विचारायचं असतं, आणि प्रत्येकीने हळूच ‘काही नाही’ म्हणायचं असतं. लवायना उभी राहिली, टोपीची नाडी सारखी केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

“मंडळीस नम्र विनंती की, लवायना पीटरशाइम, विधवा, हिला येत्या रविवारपासून वाळीत टाकण्यात यावं. कारण विचारू नये. कारण आहे, परंतु ते दुसऱ्या माणसाच्या मालकीचं असून तो माणूस वारला आहे. मुदत सहा आठवड्यांची असावी व संपताच आपोआप वाढावी. मोठं टेबल मंडळीने घेऊन जावं, लग्नाकार्याला उपयोगी पडेल. ठोकळा तेवढा माझ्याकडे राहू द्यावा. सबब, ही विनंती एकमताने मान्य व्हावी, आणि मान्य करतेवेळी कुणालाही शिंक येऊ नये.”