पिल्लाच्या आधी माय

व्रताच्या नवव्या सोमवारी सिंधुताईने सवयीने घरच्यांसाठी केलेले वरण चाखले. मीठ जिभेला लागले आणि तिचे अळणी व्रत मोडले. त्याच संध्याकाळी लेक कांताने पावर हाउस भागातल्या बाजारातून आणलेले कुत्र्याचे पिल्लू मेले. तीनच दिवस जगले बिचारे. दहा वर्षांची कांता तेव्हापासून अर्ध्या ताटावरून उठत होती. हे आपल्याच पापाने झाले, असे सिंधुताईने मनाशी धरले. बोलली मात्र कोणाला नाही.

पुढच्या सोमवारी ती कांताला घेऊन चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत दौलतराव गार्डांकडे गेली. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाने त्यांना राणी नावाची लॅब्राडोर कुत्री दिली होती, वंशाच्या कागदांसकट.

"काका, पिल्लं दाखवा नं!"

"आधी माय पाहा, पोरी. खाण तशी माती."

राणी शेपटी हलवत आली. मागून सात पिल्ले धडपडत आली. दौलतरावांनी एकेकाचे डोळे, कान, पोट दाखवले, अंगणात चालवून पाहिले. कांताच्या पायावर एक पिल्लू झोपूनच गेले.

"हेच द्या भाऊ. आज दिवस चांगला हाये," सिंधुताई म्हणाली.

"आज नाई देत."

"कावून?"

"सहाच हप्त्याचं हाये. आठ होऊ द्या. अन् दुपारी घरी कोण राह्यते? अंगणाले फाटक हाये का?"

"पोरगी देऊन राहिले का तुमी?"

"त्याहून जास्त. पोरगी निदान चिठ्ठी तरी लिहिते!"

सिंधुताई हसली, आणि हसता हसता मिठाची आणि मेलेल्या पिल्लाची गोष्ट तोंडून निघून गेली.

दौलतराव गंभीर झाले. "ते पिल्लू चालत होतं का?"

"धड नाई. पोट फुगलं होतं."

"मंग दूध सुटायच्या आधीच मायपासून तोडलं त्याले. वरून पोटात जंत. ताई, मिठानं पिल्लं मरत असती, तर माह्या घरी एक नसतं उरलं. आमची राधाबाई दर एकादशीले भजे चाखते!"

"चाखत नाई, मीठ पाह्यते!" आतून राधाबाईचा आवाज आला.

सिंधुताई ओट्यावर टेकली. पायाशी आलेल्या राणीच्या डोक्यावरून तिने हात फिरवला.

दोन हप्त्यांनी पिल्लू न्यायचे ठरवून मायलेकी रिकाम्या हाताने घरी आल्या. संध्याकाळी सिंधुताईने वरण चाखले नाही.

"आई, मीठच नाई यात," कांता म्हणाली, आणि तिने ताट पुन्हा पुढे केले. "वाढ नं. अजून चौदा दिवस हायेत."