भिंत बोलेनाशी झाली

आमच्या घरामागे डोंगर आहे आणि तो अंगावर येऊ नये म्हणून दोन पुरुष उंचीची दगडी भिंत आहे. भिंत आणि घर यांच्यामध्ये चार पावलांचं अंगण, अंगणाला लागून माझी शिवणाची खोली. पावसाळ्यात आमच्याकडे ढग न विचारता घरात शिरतात, दारं फुगून बसतात आणि धुतलेले मोजे आठ-आठ दिवस दोरीवर लोंबत राहतात. या सगळ्याची सवय होते. मला होत नव्हती ती एकाच गोष्टीची. भिंतीच्या तळाशी ओळीने नऊ भोकं होती. त्यांतून दिवसभर पाणी गळायचं आणि अंगण ओलांडून थेट माझ्या खोलीत यायचं.

यंदा एका हॉटेलाचे चाळीस पडदे शिवायला आले आणि ठेवायला जागा उरली ती फक्त जमिनीवर. मग एका दुपारी, कुणाला न विचारता, मी चिंध्यांचे घट्ट बोळे केले आणि लाटण्याने ठोकून नऊच्या नऊ भोकं बुजवली. अंगणाचा ओघळ थांबला. इतकी वर्षं घरात कुणाला एवढी साधी गोष्ट कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं.

त्यानंतर पाऊस जो लागला तो अकरा दिवस हटला नाही. सासूबाईंचा पलंग मागच्या खिडकीशी आहे. तिसऱ्या दिवसापासून त्या म्हणायला लागल्या की भिंत बोलेनाशी झालीय. माझा नवरा औषधांच्या दुकानात कामाला. त्याने कानात घालायचे थेंब आणले. सासूबाईंनी मुकाट्याने थेंब घालून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाल्या. मला वाटलं, आवाजाची सवय होती, मोडेल हळूहळू.

अंगणातली दोरी भिंतीतल्या कडीपासून माझ्या खिडकीपर्यंत बांधलेली होती. ती सैल पडून मोजे जमिनीला टेकायला लागले. मी दोनदा ओढून बांधली. दोनदा पुन्हा सैल पडली.

शेवटी आईची समजूत पटावी म्हणून नवऱ्याने गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी वरून दोरा सोडला, खाली वजन लावलं आणि दोरा नि भिंत यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. मग माझ्या लोंबत्या मोज्यांकडे बघून म्हणाले, "दोरी सैल झालेली नाही. भिंत पुढे आलीय."

भिंतीला चार बोटं पोट आलं होतं. काका म्हणाले, आजच्या आज घर सोडा. एवढं पाणी मागे तुंबलंय, याला वाट कशी नाही ठेवली कुणी? नवरा ऐकताऐकताच कपाटातली कागदपत्रं पिशवीत भरायला लागला. सासूबाईंना खुर्चीसकट उचलायचं ठरलं.

"वाट होती," मी म्हणाले. "मी बुजवली."

नवऱ्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. काकांनी फक्त विचारलं, "सिमेंटने?"

"चिंध्यांनी."

"देव पावला," म्हणाले आणि लोखंडी सळई मागितली.

आम्हाला त्यांनी समोरच्या पाववाल्याच्या ओट्यावर पाठवलं. सासूबाई खुर्चीत, मांडीवर कागदपत्रं. मागून पहिला बोळा सुटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. थोड्या वेळाने काका एका पेल्यात पाणी घेऊन आले. ते चहासारखं तांबडं होतं. म्हणजे मागची माती निघतेय, ते म्हणाले. असंच येत राहिलं तर भिंत गेली, निवळलं तर राहिली. दुसरा पेला तासाभराने आला, फिक्या चहाचा. नवरा माझ्याशी बोलत नव्हता, पण छत्री माझ्या डोक्यावरच धरून उभा होता. तिसरा पेला चारच्या सुमारास आला. काकांनी तो उजेडात धरला. पलीकडे त्यांचा अंगठा स्वच्छ दिसत होता.

"दोरा पुन्हा सोडून बघितला. केसभरही हललेली नाही," ते म्हणाले. "पाऊस सरला की तेवढा भाग उतरवून बांधू. दोरी मी ताणून बांधलीय, तोवर ती तशीच राहू दे. सैल पडली तर मला सांगायचं, ओढून बांधायची नाही."

जीव भांड्यात पडतो म्हणतात. आमचा त्या पेल्यात पडला. नवरा हसायला लागला आणि पाववाल्याने कारण न विचारताच आम्हाला चहा दिला.

घरी आल्यावर सासूबाई खिडकीशी कान देऊन बसल्या. मागे पाणी खळखळत होतं. नवऱ्याने ओशाळून थेंबांची बाटली उचलली, तर म्हणाल्या, "राहू दे. हिच्या डोक्यात घालता येतात का बघ." मी मान खाली घातली. जरा वेळाने त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"आठच बोलतायत."

मी सळई घेऊन अंगणात गेले. नववं भोक बादलीमागे होतं. काकांच्या नजरेतून सुटलेलं. बोळा ओढला तशी पाण्याने माझी चप्पल भिजवली. हातात निळ्या फुलांचं कापड आलं, ते मी त्यांच्या उशीच्या अभ्र्यासाठी जपून ठेवलंय असं सांगितलं होतं. त्या खिडकीतून बघतच होत्या.

"धू आणि वाळत घाल," त्या म्हणाल्या. "वाळेल दिवाळीत ऊन पडेल तेव्हा."

मी ते पिळून दोरीवर टाकलं. दोरी ताठ होती. पाणी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी आलं, तेव्हा मी पडदे उचलून आमच्या पलंगावर ठेवले.