एकाच सीटची गाडी

बोल्ट बाळाच्या लाळेने ओला झाला होता, कोमटसुद्धा. आणखी थोडा उशीर झाला असता तर... पण तिने तो मुठीतून सोडवला होता, नेहमीसारखाच वेळेवर. नवऱ्याच्या पँटच्या खिशातून पलंगावर पडलेला. लोखंडाचा तो तुकडा तळहातावर घेऊन बघता बघता तिला नणंद आठवली, बाळाला बघायला आली होती तेव्हाची — ‘‘वहिनी, दादा मनातलं तोंडाने बोलत नाही, हाताने बोलतो. त्याच्या गाडीकडे लक्ष ठेव.’’

‘‘बरं झालं सांगितलंस, मी आपली नवऱ्याकडेच ठेवत होते,’’ असं म्हणून तिने तो विषय हसण्यावारी नेला होता.

खरं तर तिला कळायला हवं होतं. तिने लग्नाला होकार दिला त्याच आठवड्यात त्याने गाडी पिवळीधमक रंगवून आणली होती, सीटना केशरी कव्हरं. सगळी गल्ली गाडीला ‘लिंबू’ म्हणायची, आणि हा मख्ख चेहऱ्याने तिच्यासाठी दार उघडून उभा राहायचा. मग बाळ झालं आणि पिवळ्याचा राखाडी झाला — तिला वाटलं, मळखाऊ रंग, शहाणपणा आला. काचांवर काळी फिल्म चढली — बाळाच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून असेल. मग मागची सीट निघाली.

‘‘वजन कमी करतोय,’’ तो म्हणाला होता.

‘‘आधी माझं कर,’’ ती म्हणाली होती, बाळंतपणात सुटलेल्या पोटावर हात ठेवून. तो हसला होता... जरा उशिराच हसला होता.

पण मागच्या सीटचे बोल्ट त्याने डब्यात घालून माळ्यावर टाकले होते, तिच्यादेखत. मग हा कुठला?

ती बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी गेली. खाली भिंतीला टेकून एक सीट उभी होती. केशरी. बाळाने दूध ओकलं होतं त्याचा डाग अजून तसाच — तिची सीट, त्याच्या शेजारची. आणि बाजूलाच गाडी, दार आतून ओढलेलं — म्हणजे तो आतच.

तिने फोन लावला. ‘‘जेवायला येतोस ना?’’

‘‘तुम्ही घ्या जेवून.’’

फोन ठेवल्यावरही तो शब्द तिच्या कानातून जाईना. तुम्ही. तिला तो जन्मात अहो-जाहो करणारा नव्हता. म्हणजे ती आणि बाळ. बाळाला अजून दातसुद्धा नाहीत — आणि त्यालाही जेवून घ्यायला सांगितलं. कालपरवापर्यंत ‘आपण’ होतं... की नव्हतं? कधीपासून नव्हतं? बाळाच्या श्वासावर, खोकल्यावर, शी-शूवर तिचा डोळ्यात तेल घालून पहारा, आणि ‘आपण’ कधी गेलं ते तिच्या लक्षातच नाही.

ती जिना उतरली. गाडीपाशी उभी राहिली. काळ्या काचेत तीच दिसत होती, कडेवर बाळ, विस्कटलेले केस. आत तो काही काम करतोय, की नुसताच बसून... टकटक केली आणि तो ‘काही नाही गं’ म्हणाला तर? दार उघडून आत ये म्हणाला, तर मी बसू कुठे? पत्र्यावर, बोल्टच्या भोकांवर — बसेन. बसेन मी.

हात उचललाय. काच अजून वीतभर लांब आहे.

तुमच्याकडेही कुणी असेल, दिवसदिवस गाडीत रमलेलं. नुसतं ‘रंग छान दिलास’ म्हणून पुढे जाऊ नका. शेजारी बसायला जागा ठेवलीय का, तेवढं एकदा काच वाजवून बघा.