शकूचा डबा, लताचं झाकण

लताबाईच्या स्वयंपाकघरात फळीवर एक स्टीलचा डबा दोन वर्षं रिकामा बसून होता. त्या डब्यानं तिला जेवढा ताप दिला, तेवढा सगळ्या संसारात पुंजारामनंही दिला नव्हता. डबा तिचा नव्हता, हेच तर सगळं दुखणं होतं. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, ‘शकुंतला, १४-४-९१’. झाकणावरही तेच.

शकुंतला म्हणजे समोरच्या ओळीतली शकुबाई. नाशिकरोडच्या या कॉलनीत दोघी एकाच वर्षी सुना होऊन आल्या. बाबासाहेबांच्या शंभराव्या जयंतीला दोघी मिरवणूक बघायला म्हणून शहरात गेल्या आणि भांडी बाजारात घुसल्या. एकाच दुकानातून एकाच मापाचे दोन डबे घेतले, आणि नावं घालणाऱ्याला भर उन्हात तासभर बसवून ठेवून, झाकणांसकट नावं घालून घेतली. मिरवणूक कुठून कुठे गेली ते दोघींना आजतागायत माहीत नाही.

तेव्हापासून ते डबे या दारातून त्या दारात फिरत राहिले. चौदा एप्रिलला शकुबाईच्या पुरणपोळ्या यायच्या, बुद्धपौर्णिमेला लताबाईची खीर जायची, दसऱ्याला करंज्या, मधल्या दिवसांत जे असेल ते. नियम एकच होता, आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. एकदा शकुबाईच्या घरात काहीच नव्हतं तेव्हा तिनं डब्यात दोन लिंबं घालून पाठवली होती. ती डब्यात गडगडत आली तेव्हा लताबाईला केवढं हसू आलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वीची बुद्धपौर्णिमा उजाडली. विहारात खीर लताबाईची होती आणि पन्हं शकुबाईचं. वैशाखातलं ऊन, तोबा गर्दी. साहजिकच लोकांनी पन्ह्यावर उड्या टाकल्या. पिंप तळाला गेलं तरी ग्लास पुढे येतच होते, आणि खिरीचं पातेलं मात्र होतं तिथंच. लताबाईला राहवलं नाही. ती शेजारच्या रंगूबाईला हळूच म्हणाली, “पन्हं कसलं गं ते? कैरी नुसती अंघोळ करून गेलीय त्यातून.”

हळूच म्हणाली हे खरं. पण वंदना झाल्यावर माइक बंद करायचं काम ज्याच्याकडे होतं तो पन्ह्याच्या रांगेत उभा होता, आणि माइक लताबाईच्या कोपराशी चालू होता. विहारावर चार दिशांना चार भोंगे. कैरीची अंघोळ कॉलनीभर झाली, बाहेरच्या रिक्षा स्टँडवर झाली, पाण्याच्या टाकीवर चढलेल्या प्लंबरनंही ऐकली.

शकुबाई पिंपामागून उठली. तिला माइकची गरज जन्मात कधी पडली नव्हती. “सुजातेनं ही असली खीर दिली असती ना,” ती कडाडली, “तर तथागतांनी उपास तसाच पुढं चालू ठेवला असता!”

लोक हसले. दोन्ही वाक्यांना हसले. नुसतं बोलणं दोघींनी एकमेकींचं कधीच पोटात घातलं असतं, पण ते हसणं काही कुणाला गिळता आलं नाही. तेव्हापासून विहारातली खीर आणि पन्हं दोन्ही आचारी करतो, आणि ते पिताना कॉलनीतली माणसं एकमेकांकडे बघून गप्प राहतात.

शकुबाईचा डबा मात्र अडकला. त्या वर्षीच्या पुरणपोळ्या त्यातूनच आल्या होत्या आणि खीर भरून तो परत जायचा होता. आता रिकामा पाठवावा तर लताबाईची रीत मोडते, भरून पाठवावा तर नाक कापलं जातं. म्हणून तो फळीवर बसला. दर आठवड्याला लताबाई त्याला खाली काढायची, घासायची, पुसायची आणि पुन्हा वर ठेवायची. तिचा स्वतःचा डबा महिनोन्‌महिने तेलकट असायचा, त्याचं तिला काही नव्हतं.

“वापरत नाहीस तर घासतेस कशाला?” पुंजारामनं एकदा विचारलं होतं.

“दुसऱ्याची वस्तू हाय. धूळ बसली तर नावं ठेवील ती.”

“ती बघायला येते का?”

त्या दिवशी पुंजारामच्या चहात साखर पडली नाही.

यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुंजाराम दूध घेऊन आला. पिशवी ओट्यावर ठेवून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, “राकेशला मनमाडला क्वार्टर मिळालं.”

“मिळू दे की. रेल्वेत हाय, मिळणारच.” राकेश हा शकुबाईचा एकुलता एक मुलगा.

“परवा सकाळी टेम्पो सांगितलाय. आईला घेऊन चाललाय. इथली खोली भाड्यानं देणार म्हणे.”

लताबाई कोथिंबीर निवडत होती. निवडलेली पानं आणि टाकायच्या काड्या तिनं एकाच वाटीत गोळा केल्या. पुंजारामनं ते पाहिलं, पण तो शहाणा होता, पेपर घेऊन बाहेर गेला. आत लताबाईला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दोन वर्षं बोलणं नव्हतं तरी समोरच्या खिडकीत पहाटे पाचला दिवा लागायचा, आणि तो लागल्यावर मगच ती उठायची. परवानंतर तो लागणार नव्हता. मनमाड म्हणजे काही लंडन नव्हे, गाडीनं तासाभराचा रस्ता. पण अबोला घेऊन गेलेलं माणूस तासाभराच्या रस्त्यावरून परत येत नाही, एवढं तिला कळत होतं.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटे तिनं खीर चढवली. इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ, दोन लिटर दूध, वेलदोडा, वर जायफळ. दूध आटत आलं तेव्हा तिनं हात थांबवला आणि गॅस तसाच राहू दिला. थोड्या वेळानं पुंजारामचं नाक दारातून आत आलं.

“अगं, खीर लागतेय!”

“लागू दे.”

“लागू दे? त्या दिवशी सगळ्या कॉलनीनं तुझ्या खिरीची...”

“तुम्ही आधी अंघोळीला जा बरं.”

शकुबाईला खरवड आवडायची. खिरीपेक्षा खरवड. तरुणपणी लताबाईच्या पातेल्यात उलथनं घालून, तळाची तांबूस खरवड ती ओट्याशीच उभी राहून खायची. लताबाईनं पातेलं उतरवलं, सगळी खरवड सुटी केली, शकुबाईच्या डब्यात आधी ती घातली आणि वरून खीर ओतली. मग झाकण लावायला घेतलं आणि तिथंच तिचा हात अडला.

डबा शकूचा. झाकण शकूचं. खीर तर खाऊन संपणार. म्हणजे एकदा हा डबा त्या घरात गेला की परत यायला काही कारणच उरलं नाही! शकू डबा धुणार, सामानात बांधणार आणि मनमाडला जाणार. दोन वर्षं जो डबा काट्यासारखा सलत होता, तो फळीवरून गेल्यावर तिथं नुसती गोल खूण राहणार होती.

मग तिनं खालचं कपाट उघडलं, आपला तेलकट डबा बाहेर ओढला, त्याचं झाकण राखेनं लख्ख घासलं आणि शकुबाईच्या डब्यावर दाबून बसवलं. माप एकच. टक् करून बसलं. आता डब्यावर ‘शकुंतला’ आणि झाकणावर ‘लता’. शकुबाईचं झाकण तिनं पिठाच्या डब्यामागे सारलं.

“हे समोर देऊन या,” ती पुंजारामला म्हणाली. “द्यायचं आणि यायचं. बोलायचं काही नाही.”

“कुरिअरवाल्यासारखी सही घेऊ का?”

“अहो, जा ना!”

पुंजाराम गेला आणि चांगली वीस मिनिटं आला नाही. आला तेव्हा मिशीला सरबत लागलं होतं. लताबाईनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. “काय म्हणाली?”

“जयभीम म्हणाली.”

“आणि?”

“झाकण उघडलं, वास घेतला. म्हणाली, लागलीय.”

“एवढंच?”

“मग झाकण उलटंपालटं करून बघितलं. नाव वाचलं. परत लावलं.” पुंजाराम खुर्चीत बसला. “तू मला बोलू नको म्हणाली होतीस, म्हणून मी काही विचारलं नाही.”

अख्खी पौर्णिमा लताबाईनं दाराकडे कान लावून काढली. विहारात गेली, वंदना केली, आचाऱ्याची खीर घोटभर प्यायली. शकुबाई पलीकडच्या रांगेत बसली होती, तिनं मान वळवली नाही. झाकण आलं नाही. डबा भरून दिला तो दिला, वर घरचं झाकणही घालवलं, असं लताबाई स्वतःलाच संध्याकाळभर टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर टेम्पो लागला. गाद्या गेल्या, कूलर गेला, शकुबाईची शिलाई मशीन दोघांनी उचलून चढवली. लताबाई पडद्याआडून बघत होती. एकदम दार वाजलं. बाहेर शकुबाई उभी, हातात स्टीलचा तांब्या.

“पन्हं हाय,” ती म्हणाली. “नीट बघून घे. कैरी आत हाय का अंघोळ करून गेलीय ते.”

लताबाईनं तांब्या घेतला आणि पेला न शोधता तसाच तोंडाला लावला. आंबट, गोड, वेलदोडा, जिभेवर कैरीचा गर. काय बोलायचं ते सगळं तिच्याजवळ तयार होतं. दोन वर्षं तयार होतं. पण ते पन्ह्याबरोबर खाली गेलं आणि तोंडातून भलतंच आलं. “माझं झाकण कुठं हाय?”

“सामानात गेलं.”

“सामानात कसं गेलं?”

“भांड्यांच्या पोत्यात. पार खाली. त्याच्यावर कपाट हाय आता.” शकुबाईनं पदर खोचला. “काय करू, टेम्पो रिकामा करायला लावू?”

“माझ्या नावाचं हाय ते, शके.”

“मग ये की न्यायला. आणि माझं कुठं हाय?”

“कुठं ठेवलं ते आठवत नाही,” लताबाई म्हणाली. पिठाच्या डब्याकडे तिनं चुकूनही पाहिलं नाही.

“वय झालं तुझं,” असं म्हणून शकुबाईनं तिच्या हातातून रिकामा तांब्या घेतला. मग तांब्यात बघितलं. लताबाई गडबडली. भांडं रिकामं चाललं होतं! आत धावत जाऊन तिनं हाताला लागली ती मूठभर साखर आणली आणि तांब्यात टाकली. राकेशनं हॉर्न दिला. शकुबाई गेली.

टेम्पो सुरू झाला तेव्हा लताबाई अंगणात उभी होती. म्हणायचं ते राहूनच गेलं होतं. माफ कर हा शब्द तिला आयुष्यात कधी नीट म्हणता आला नव्हता, पण एवढं एक वाक्य तरी म्हणायला हवं होतं, आणि टेम्पो कोपऱ्याकडे निघाला होता. तेवढ्यात विहारावरचे भोंगे खरखरले. कालच्या जेवणात राहिलेली भांडी पुढ्यात घेऊन रंगूबाई माइकवर नावं वाचत होती. “एक पातेलं, सावित्रीबाई. दोन ताटं, नाव नाही. ज्याची असतील त्यांनी घेऊन जावीत. एक झारा...”

लताबाई पळाली. साठीतली बाई चप्पल न घालता पळते तेव्हा लोक बाजूला होतात, तसे झाले. दोन वर्षं ती त्या माइकच्या दहा हातांच्या आत गेली नव्हती. आता तिनं तो रंगूबाईच्या हातातून सरळ ओढून घेतला.

“शके!” चारही भोंग्यांतून हाक गेली. “पन्ह्यात कैरी होती गं! त्या दिवशी पण होती! भरपूर होती! मीच खोटं बोलले!”

रिक्षा स्टँडवरची माणसं वळली. कोपऱ्यावर मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी टेम्पो थांबला. कुणी उतरलं नाही. नुसता केबिनच्या खिडकीतून बांगड्यांचा एक हात बाहेर आला, आणि त्या हातात स्टीलचं एक गोल झाकण होतं. ते उन्हात चकाकत दोनतीनदा हललं.

पार खाली, भांड्यांच्या पोत्यात, कपाटाच्या खाली गेलेलं झाकण. सकाळपासून शकू ते जवळच ठेवून होती!

“लबाड!” लताबाई ओरडली. रडत होती आणि हसत होती. “लबाड कुठली!”

माइक अर्थात चालूच होता.