तोन्चीकाकाची सागवानी बंदूक

झोर्का मार्देशिचने पाण्याखाली नेम धरला, भालाबंदुकीचा चाप ओढला आणि भाला पुन्हा माशाच्या डाव्या अंगाने निसटला. पांढरा बास शेपटी झटकून पाणवनस्पतींच्या रानात दिसेनासा झाला. ती वर आली आणि होडीची कड धरून धापा टाकत राहिली. खोट बंदुकीत आहे, हे तिला कळून चुकलं होतं. पण तोन्चीकाकाला हे सांगायचं कुणी?

महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत फ्रान्सच्या चकचकीत भालाबंदुका दुकानात सहज मिळत. तरी सान पेद्रो बंदरातले पाणबुडे तोन्चीकाकाच्या शेडसमोरच ताटकळत. भंगारात निघालेल्या जहाजांच्या डेकचं सागवान काका वेचून आणायचा. त्याच्या पट्ट्या एकीचे रेषे दुसरीच्या उलट येतील अशा चिकटवायचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात लाकूड वाकत नसे. चाप कानशीने घासून स्वतः घडवायचा. झोर्काची बंदूक तर त्याने तिच्या हाताचं माप घेऊन केली होती.

ती तडक शेडमध्ये गेली.

"काका, बंदूक डावीकडे मारते."

काकाने रंधा थांबवला. "बंदूक मारते की तुझं मनगट? गेल्या लग्नात वाइन वाढलीस, तीसुद्धा डावीकडेच सांडलीस."

शेडमधले सगळे खो खो हसले. झोर्काचे कान तापले. "मग तूच मारून बघ. उतर पाण्यात!"

हसू विरलं. काकाने सत्तरी ओलांडली होती आणि त्याला पाण्यात उतरून बरीच वर्षं झाली होती. त्याने टोपी काढून खिळ्याला अडकवली.

धक्क्यापाशी नेम धरायला दोरीने फळी बुडवून टांगली. काकाने बुडी मारली. भाला डावीकडे गेला. दुसरी बुडी, पुन्हा डावीकडे. वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. कुडकुडतच त्याने बंदुकीवर दोरा ताणून धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"पीळ पडलाय," तो म्हणाला. "मधली पट्टी दुसऱ्या लाकडाची होती. पुरती वाळली नव्हती. मला माहीत होतं गं, तरी घाई केली."

"केसभराचा तर फरक," त्याचा दोस्त फ्राने म्हणाला. "पोरगी जरा उजवीकडे धरेल."

"करवत आण."

"काका, अरे थांब!" झोर्का ओरडली. पण करवत फिरली आणि इतकी देखणी बंदूक तिच्या डोळ्यांदेखत दुभंगली. तिला रडू फुटलं, आणि त्याच क्षणी या म्हाताऱ्याबद्दल तिचा ऊर भरून आला.

नवी बंदूक घडायला अख्खा हिवाळा गेला. झोर्का रोज लाकूड घासायला बसायची. शेवटी तोल पाहायला काकाने ती पाण्याच्या टाकीत सोडली. बंदूक ना नाकावर झुकली ना दस्त्यावर, निजल्यासारखी सपाट तरंगली.

उन्हाळ्यात काटालिना बेटापाशी झोर्काला मोठा बास दिसला. तिने श्वास कोंडून वाट पाहिली. भाला थेट कल्ल्यामागे रुतला. मासा वनस्पतींत भाल्याचा दोर गुंडाळत सुटला, तरी तिने पकड सोडली नाही.

धक्क्यावर माशाभोवती एकच गर्दी जमली. काका मात्र बंदूक डोळ्यापाशी धरून उभा होता.

"अरे, मासा तरी बघ!"

"बघतो गं. मुंडकं मला ठेव, रश्शाला." त्याने बंदूक तिच्या हातात दिली. "आणि उद्या सकाळी ये. चाप कसा घासायचा ते शिकून घे."