कुंदाबाईंनी धरलेला गिअर

मी गिअरबॉक्स बोलतोय. हॉर्न बोलला की रस्ता बाजूला होतो, इंजिन बोललं की माणसं कौतुकानं बघतात; माझ्याकडे कोणी कान दिलाच तर तो मी बिघडलो म्हणून. जीपच्या पायाखालच्या पत्र्याखाली, ओतीव लोखंडाच्या पेटीत, काळ्या तेलात माझा जन्म चालला आहे. खिडकी नाही, फट नाही. बाहेरचं जग कळतं ते वरून आत आलेल्या दांड्यातून. त्या दांड्यावर ज्याचा हात पडतो, त्याला मी ओळखतो. बाकी सगळं ऐकीव.

सोनगीरजवळच्या खेड्यातले गिरधरभाऊ कापसाचे शेतकरी. चौऱ्याऐंशी साली त्यांनी धुळ्यातल्या एका एजंटाकडून ही जुनी जीप घेतली. "महिनाभरात काही निघालं तर मी बसलोय," एजंट छातीवर हात ठेवून म्हणाला होता. पण लबाडानं माझ्यात इतकं घट्ट वंगण कोंबलं होतं की माझी वाचाच बसली. ते पातळ व्हायला चौतीस दिवस लागले. पस्तिसाव्या दिवशी, नरडाण्याच्या पुढे, मी टॉप गिअर सोडला. दांडा खट्‌कन न्यूट्रलला आला, इंजिन बोंबललं आणि गाडी ढिली पडली. भाऊ तसेच एजंटाकडे गेले, तर तो म्हणाला, "भाऊ, महिना तर सरला." दात कोणी झिजवले देव जाणे, बदनाम मात्र मी झालो.

आता टॉपमध्ये पळायचं तर कोणीतरी दांडा दाबून धरायला हवा. भाऊंनी धरावा तर स्टिअरिंग एका हाताला आवरेना. शेजारच्या सीटवर त्यांचा धाकटा भाऊ अभिमन बसायचा. ती त्याची हक्काची जागा. पण अभिमनला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही, आणि बोलल्याशिवाय बसता येत नाही. तो दांडा सोडी, मी सुटे. एकदा भर चढावर सुटलो आणि मागचा ट्रक अंगावर येता येता राहिला. भाऊंनी गाडी कडेला घेतली. मागे आडव्या बाकावर, पोत्यांजवळ त्यांची बायको कुंदाबाई बसली होती.

"अवं, तू पुढे ये," भाऊ म्हणाले. "तुन्हा हात पक्का शे."

रोज चार म्हशींचं दूध काढणारा तो हात. त्यानं धरलं की सुटायची माझी छाती नव्हती. त्या दिवशी चढ संपेपर्यंत कुंदाबाईंनी दांडा सोडला नाही. मग हळूच म्हणाल्या, "इतला साल मी रस्ता मांगे पयतानाच दखा. पुढथून येताना आज दखा."

भाऊंनी गाडी जरा सावकाश घेतली.

त्यांचं घर अठरा माणसांचं. थोरामोठ्यांदेखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची तिथं रीत नाही. जेवायचं झालं तरी भाऊ पोरांना सांगत, पोरं आईला सांगत. पण गाडीत, यावलला कुंदाबाईंच्या माहेरी जाताना किंवा धुळ्याच्या बाजाराला निघाल्यावर, दोघंच पुढे असत. मागे कोणी असलं तरी वाऱ्यापुढे त्याला ऐकू येत नसे. आधी म्हशींचं बोलले, मग कपाशीवरच्या अळीचं. एकदा चोपड्याच्या अलीकडे भाऊंनी मंजुळाचं नाव काढलं. ती त्यांची पहिली मुलगी, दीड वर्षाची होऊन गेलेली. चौदा वर्षांत ते नाव दोघांनी एकमेकांपुढे घेतलं नव्हतं. कुंदाबाईंची बोटं दांड्यावर इतकी आवळली की माझे दात एकमेकांत रुतले.

मला दुखत होतं, ते का लपवू? झिजलेले दात कोणी सारखे एकमेकांवर दाबून धरले तर काय होतं, ते मलाच ठाऊक. मी पेटीत कोंडलेला, कुंदाबाई घरात कोंडलेल्या. पण रस्त्याला लागल्या की मोकळ्या व्हायच्या, आणि त्यांच्यासाठी मी दुखणं सोसत गेलो. वाटेत किती गॅरेजं लागायची. भाऊ म्हणायचे, "पाहू पुढल्या खेपेला." अशी तीन वर्षं गेली.

मग घरात लग्न निघालं आणि अभिमन अडून बसला. वऱ्हाडात वहिनी पुढे अन् दीर मागे, लोक हसतील. घरानं त्याचीच बाजू घेतली. जीप धुळ्याला आग्रा रोडवर हाशम मिस्तरीकडे गेली.

हाशमनं माझं झाकण काढलं आणि कित्येक वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. डोळे दिपले. दोघे भाऊ सामान आणायला गेले होते. कुंदाबाई वाकून आत बघत होत्या. हात ओळखीचा होता, चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

"हाऊच का तो?" त्यांनी विचारलं.

"यही है, भाभी. दात गेलेत, स्प्रिंग मेलीय. आज पक्का करून देतो."

"मिस्तरीभाऊ, थोडी खोट ऱ्हाऊ द्या ना."

हाशमचा पाना थांबला. "क्यों, भाभी?"

"नीट व्हई गया तर माले मांगे बसनं पडी."

त्यानं हात पुसले. "भाभी, खोट ठेवून गाडी मी आजवर दिली नाही," तो म्हणाला आणि त्यानं मला बरं केलं.

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण येताना अभिमन पुढे बसला, कुंदाबाई मागे पोत्यांजवळ. माझ्या दांड्यावर कोणाचाच हात नव्हता. अभिमनची बडबड चालू होती. देवभाने मागे पडलं. तेवढ्यात भाऊंचा डावा हात खाली आला, आणि त्यांनी स्वतःच दांडा ओढून न्यूट्रल केला.

इंजिन बोंबललं. "दखा, परत सटकी गया," भाऊ म्हणाले. "अवं, पुढे ये."

अभिमन कसला गप्प बसतो. आठ दिवसांत त्यानं भावाला नि वहिनीला घेऊन जीप पुन्हा हाशमच्या दारात उभी केली. भाऊंना शेजारी बसवून हाशमनं स्वतः गाडी पळवली. मी काही सुटलो नाही. त्यानं भाऊंकडे पाहिलं; भाऊ बाहेर बघत होते. परतले तेव्हा गॅरेजच्या दाराशी कुंदाबाई पदर धरून उभ्या होत्या. हाशम उतरला.

"जुना माल है," तो अभिमनला म्हणाला. "इससे जादा मेरे से नहीं होगा. धरूनच चालवा."

हाशमला साधा गिअर जमला नाही, हे अभिमननं आग्रा रोडभर सांगितलं. हाशमनं ते कधी खोडून काढलं नाही.

आज पंच्याण्णव साल उजाडलंय. माझा एकही दात हलत नाही, तरी साऱ्या पंचक्रोशीत मी नाठाळ म्हणून बदनाम आहे. वाईट वाटतं, पण बोलून दाखवायची सोय नाही. कुंदाबाईंचा हात आता दाबत नाही, नुसता ठेवलेला असतो. परवा अभिमन म्हणत होता, जळगावला एक नवा मिस्तरी आलाय, तो कसलाही गिअरबॉक्स उघडून बरा करतो. बाबांनो, हात जोडायला मला हात नाहीत, पण माझं एवढं ऐका. मला आहे तसा अंधारात राहू द्या, उघडू नका. उघडलात तर आत काहीच बिघडलेलं सापडणार नाही, आणि त्या दोघांना बोलायला दुसरी जागा नाही.